मोन्तेपुल्चानो: गाव की द्राक्ष?

प्रश्न असा आहे: दुकानात दोन इटालियन बाटल्या दिसल्या. एकीवर 'व्हीनो नोबिले दी मोन्तेपुल्चानो', दुसरीवर 'मोन्तेपुल्चानो दाब्रुत्सो'. वाइन एकच का? आणि उच्चार 'मोंटेपुल्सियानो' का नाही?

उच्चाराचं आधी उरकू. इटालियनमध्ये 'सी' या अक्षरापुढे 'आय' किंवा 'ई' आला की 'च' होतो, तोही चहातला, चमच्यातला नव्हे. त्या 'आय'पुढे 'ए' किंवा 'ओ' असेल तर 'आय' बहुधा मुका राहतो. उलट 'सीएच'चा उच्चार 'क'. आपल्याकडे सर्रास 'चिआंटी' म्हणतात ती खरी 'क्यान्ती'.

वाइन मात्र दोन वेगळ्या, आणि सगळी गोम त्या एवढ्याशा 'दी'मध्ये आहे. 'दी' म्हणजे आपला चा-ची-चे, फक्त तो नावाच्या आधी येतो. पुढे स्वर असला की त्यातला 'ई' गळतो, म्हणून 'दी अब्रुत्सो'चं 'दाब्रुत्सो'. अशा नावांत 'दी'नंतर येतं ते ठिकाण.

पहिली बाटली म्हणजे 'मोन्तेपुल्चानोची उमदी वाइन'. हे तोस्काना प्रांतातलं, सुमारे ६०० मीटर उंचीवरचं डोंगरमाथ्यावरचं गाव. भोवतालच्या उतारांवर प्राचीन समुद्राने मागे ठेवलेली वाळू आणि चिकणमाती आहे. द्राक्ष मात्र सांजोवेझे, किमान ७० टक्के. गावकरी त्याला 'प्रुन्योलो जेंतीले' म्हणतात. वाइन आंबटसर, तुरट, चेरीच्या वळणाची.

दुसरीची घडण 'देवगडचा हापूस'सारखी: क्रम उलटा, पण जात आणि मुलूख दोन्ही सांगितलेले. इथे मोन्तेपुल्चानो ही द्राक्षाची जात, मुलूख अब्रुत्सो. हे द्राक्ष उशिरा पिकतं, त्याला लांबलचक उबदार हंगाम लागतो. अब्रुत्सोत एका अंगाला एड्रियाटिक समुद्र आणि दुसऱ्या अंगाला २,९१२ मीटरचा ग्रान सास्सो. दिवसा ऊन भरपूर, रात्री डोंगरावरून गारवा उतरतो. त्यामुळे द्राक्ष पुरतं पिकूनही त्यातला आंबटपणा टिकतो. वाइनचा रंग गडद जांभळा. त्याच द्राक्षाची सालं रसात थोडाच वेळ ठेवली की चेरीच्या रंगाची 'चेरास्वोलो' होते.

हा घोळ इटलीतही होतोच. म्हणून आता गावच्या वाइनच्या लेबलवर 'तोस्काना' लिहावं लागतं.

काही नावांत 'दी' नसतोच, तिथे पाठांतराला पर्याय नाही. 'बारोलो' हे पिएमोन्ते प्रांतातलं गाव, द्राक्ष नेब्बिओलो. याच नावाची वाइन आसपासच्या गावांतही होते: ला मोर्रा गावाकडच्या निळसर चुनखडीयुक्त मातीतली बारोलो तुलनेने मऊ, सेर्रालुंगा गावाकडची करकरीत तुरट. लेबलवर दोन्हीकडे मोठ्या अक्षरांत 'बारोलो'च.

सगळ्यांत चलाख प्रकार 'प्रोसेक्को'चा. २००९पर्यंत हे द्राक्षाचंही नाव होतं, आणि जातीचं नाव कोणीही वापरू शकतो. मग इटलीने द्राक्षाचं नाव 'ग्लेरा' ठरवलं आणि त्रिएस्तेजवळचं प्रोसेक्को नावाचं गाव संरक्षित हद्दीत घेऊन नाव ठिकाणाच्या खात्यात टाकलं. ऑस्ट्रेलियातले उत्पादक हे मानत नाहीत. त्यांच्या लेखी प्रोसेक्को अजून द्राक्षच आहे.