खुर्ची रिकामीच आहे

ताई, माझं वय ४४. नोकरी आहे, नवरा चांगला आहे, मुलगी कॉलेजात आहे, सासूबाई आमच्याजवळच असतात. तक्रार करावी असं काही नाही. पण गेली काही वर्षं मी मनातल्या मनात एका दीपगृहावर राहते. समुद्रात एकच खडक, त्यावर दीपगृह आणि मी तिथली रखवालदार. जिन्याला १४३ पायऱ्या आहेत. वरच्या खोलीत एक वही आहे, तिच्यात मी रोज ‘आज धुकं’ किंवा ‘आज निरभ्र’ एवढंच लिहिते. भांडी घासताना, ऑफिसच्या मीटिंगमध्ये, रात्री झोप लागेपर्यंत मी तिथेच असते. माझ्या बाकीच्या आवडीही अशाच तऱ्हेवाईक. लिहायला हिरवी शाई, जिना चढताना पायऱ्या मोजणं, दिवाणखान्यातली खिडकीजवळची खुर्ची (तिच्यावर मात्र रिकामी असली तरी मी बसत नाही, कोणी आलं की उठायला लागतं). मागच्या महिन्यात नवऱ्याने मित्रमंडळींसमोर दीपगृहाची गोष्ट सांगितली. सगळे पोट धरून हसले. ‘तिथे नेटवर्क येतं का वहिनी?’ म्हणाले. मला फार लागलं. हे वेड आहे का? बंद करू का? नवऱ्याशी बोलू का?
– दीपगृहवाली

तुमचं अख्खं पत्र एकीकडे आणि त्या कंसातलं वाक्य एकीकडे.

खुर्ची रिकामी आहे. तिथे सासूबाई बसतात असं तुम्ही लिहिलेलं नाही. नवऱ्याने ती आपली म्हणून अडवलेली नाही. मुलगी कॉलेजात. आणि तुम्ही समोरच्या कसल्यातरी स्टुलावर टेकून त्या खुर्चीकडे बघताय, अजून न आलेल्या माणसासाठी ती राखून ठेवताय. कोणी आलं की उठायचं, हा नियम तुमच्या घरात केला कोणी? मला तरी पत्रात दुसरं कोणी सापडलं नाही.

वेडाचं आधी उरकून टाकते. नाही. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २,२५० माणसांना दिवसभरात अधूनमधून फोनवर विचारलं, आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे? ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच. म्हणजे नेटवर्कचा विनोद करणारे ते गृहस्थही दिवसातून बराच वेळ कुठेतरी भटकत असणार, फक्त त्यांची पायऱ्या मोजायची तयारी नाही. दिवास्वप्नं माणसाला गिळून टाकतात असंही होतं. मानसशास्त्रज्ञ एली सोमर यांनी २००२ मध्ये त्याला वेगळं नाव देऊन त्यावर लिहिलं. त्यात तासन्‌तास जातात, कामं सुटतात, माणसं सुटतात. तसं झालं तर डॉक्टर गाठा. तुमची भांडी घासून होताहेत, मीटिंगाही होताहेत. पुढे जाऊ.

दीपगृह मला आवडलं. ती वही तर फारच. पण खऱ्या दीपगृहावर तुम्ही आठवडाभरात कंटाळाल, कारण तिथे तुम्हाला हवं तसलं एकटेपण नसायचंच. वेल्सच्या किनाऱ्यापासून दूर स्मॉल्स नावाच्या खडकावर पूर्वी दोघे रखवालदार असत. १८०१ च्या सुमारास त्यातला एक मेला. दोघांचं पटत नाही हे लोकांना ठाऊक होतं, त्यामुळे मृतदेह समुद्रात सोडला तर खुनाचा आळ येईल, या भीतीने दुसऱ्याने तो पेटीत घालून बाहेर बांधून ठेवला आणि वादळं सरेपर्यंत एकट्याने दिवा पेटता ठेवला. पुढे तिथे तिघे ठेवायची पद्धत पडली. म्हणजे तुमच्या त्या गोल खोलीत आणखी दोघे. त्यातला एक घोरणार. वाती कातरायच्या, पितळ घासायचं, भिंग फिरवणाऱ्या यंत्राची वजनं रात्रीतून पुन्हा पुन्हा हाताने वर चढवायची, आणि तपासणीस कधी उगवेल त्याचा नेम नाही. तो आला की उठायचंच. शिवाय ही नोकरीही आता जवळजवळ उरलेली नाही. ब्रिटनमध्ये १९९८ साली नॉर्थ फोरलंडच्या दीपगृहावरून शेवटचे रखवालदार उतरले, तेव्हापासून तिथले दिवे आपोआप चालतात.

यातलं काही कळल्याने तुमचं स्वप्न ढळणार नाही, मला माहीत आहे. ते अशक्य आहे म्हणूनच तर तुम्ही निवडलंत. अशक्य गोष्टीची फार सोय असते. ती कोणाकडे मागावी लागत नाही, त्यामुळे कोणी ‘नाही’ही म्हणत नाही. तुमच्या खडकावर होडी लागत नाही, दार वाजत नाही, आणि मुख्य म्हणजे कोणासाठी उठावं लागत नाही. पायऱ्या किती ते तुम्ही लिहिलंत, तिथली खुर्ची कुठे आहे ते लिहिलं नाहीत. मी सांगते. खिडकीजवळ.

नवऱ्याबद्दल विचारलंत. चारचौघांत सांगितलं ते वाईटच, पण मला त्याचा राग येईना. त्याला तुम्ही जे सांगितलंत तेच तो बोलला. दीपगृह त्याला सांगितलंत. खुर्ची सांगितलीत का? पैज लावते, नाही. दीपगृह ऐकून माणूस हसतो आणि विषय संपतो. ‘मला रोज संध्याकाळी इथे बसायचंय’ असं म्हटलं तर समोरच्याला सरकावं लागतं, तुम्हालाही ठाम राहावं लागतं. तुम्हाला घरात सोशिक म्हणत असतील, त्याचं कौतुकही होत असेल. मला त्यात थोडी लबाडी दिसते. कोणी हिसकावून घेतलेलं नाही ते आपणच सोडायचं आणि मग रुसून खडकावर जाऊन बसायचं!

तेव्हा आज संध्याकाळी त्या खुर्चीत बसा. नीट, पाठ टेकून, हिरव्या शाईचं पेन जवळ घेऊन. कोणी आलं तर उठू नका. सासूबाई आल्या तरी नाही. ‘या, बसा’ म्हणा आणि दुसरी खुर्ची दाखवा. (गुडघे दुखत असले आणि हीच हवी असली तर त्या तसं सांगतील, त्यांना तोंड आहे. न मागता द्यायची नाही.) पहिल्या दिवशी पाय आपोआप उठायला बघतील. बसून राहा. आणि कोणी ‘आज इथे कशी?’ विचारलं तर कंबर दुखते, उजेड चांगला येतो असली कारणं जोडू नका. आवडतं म्हणून, एवढं पुरे.

दीपगृह बंद करायची काही गरज नाही. त्या खुर्चीतूनही तिथे जाता येईल. नवऱ्याशी बोला किंवा आठवडाभर अबोला धरा, ते तुमचं तुम्ही बघा. मात्र जे काय कराल ते त्या खुर्चीत बसून.