काळ्या अंगावर काळा पंख
वाचकांचे प्रश्न : अ‍ॅनिमेशन

प्रश्न : दीड मिनिटाची स्वतंत्र अ‍ॅनिमेशन फिल्म करतो आहे. नायक आहे मुंबईचा कावळा. अभ्यास म्हणून जुनी कार्टून पुन्हा बघतोय, पण त्यातून नेमकं घ्यायचं काय, ते कळत नाही. शिवाय कावळ्यानं पंख छातीवर आणला की पंख दिसतच नाही. – एक वाचक, भांडुप

उत्तर : दुसरी अडचण आधी घेऊ, पहिलीचं उत्तर तिच्यातच आहे. 1928 चा मिकी माउस काळ्या अंगाचा आणि काळ्या हातांचा होता. हात छातीवर आला की गडप! 1929 मध्ये त्याच्या हातांत पांढरे मोजे आले आणि हात दिसू लागले. पुढे टीव्हीसाठी झटपट आणि स्वस्त काम करायची वेळ आली, तेव्हा हॅना-बार्बेरा या अमेरिकी कार्टून स्टुडिओनं आपल्या योगी या अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय घातला. अंग एका सेलवर (चित्र काढायच्या पारदर्शक पत्र्यावर), डोकं दुसऱ्या सेलवर आणि मधला सांधा कॉलरखाली. अस्वल बोलतं तेव्हा डोकं तेवढं नव्यानं काढायचं, अंग जागच्या जागी. म्हणून जुनं कार्टून बघताना दर लकबीला विचारा, ही कुठल्या अडचणीतून आली? मोजे उचलू नका, मोज्यांमागचं कारण उचला.

तुमच्या कावळ्याला तर कॉलर जन्मजात आहे. मुंबईत घराच्या खिडकीवर येतो तो गावकावळा, त्याची मान आणि छाती राखाडी असते. तुमचा पंख दिसत नाही, याचा अर्थ तुम्ही बहुधा सबंध काळा डोमकावळा काढला आहे. राखाडी मान आली की पंख उठून दिसेल आणि डोक्याचा सांधाही तिथेच लपेल. हिशेब बघा. सेकंदाला 24 फ्रेम, दर चित्र दोन फ्रेम धरलं तर सेकंदाला 12 चित्रं, दीड मिनिटाला 1080. त्यात 40 सेकंद नुसतं बोलणं असेल तर त्या 480 चित्रांत अख्खा पक्षी काढायची गरज नाही, डोकं पुरतं. एकट्या माणसाची फिल्म पुरी होते की अर्ध्यावर राहते, ते अशा ठिकाणी ठरतं.

अभ्यासासाठी अख्खं कार्टून घेऊ नका, 10 सेकंद घ्या. फ्रेम-फ्रेम पुढे सरकवा आणि एक्स-शीटवर, म्हणजे फ्रेमवार नोंदींच्या तक्त्यावर, लिहा : कुठलं चित्र किती फ्रेम टिकलं, कुठे नुसती पापणी हलली, उडी मारण्याआधी पात्र किती फ्रेम दबलं. इथे एक खोच आहे. सेकंदाला 30 फ्रेमच्या प्रतीत फिल्मच्या दर चार फ्रेमच्या पाच केलेल्या असतात, त्यातल्या दोनांवर कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसतात. ती प्रत मोजलीत तर सगळे आकडे चुकतील. 24 ची प्रत शोधा. 25 ची चालेल, तिथे बहुधा फिल्मच्या एका फ्रेमला एकच फ्रेम असते, फक्त सगळं चार टक्के जलद पळतं.

आणि परदेशीच कशाला बघायचं? 1974 ची ‘एक अनेक और एकता’ आपल्याकडचीच. विजया मुळे यांचं दिग्दर्शन, भीमसेन खुराना यांचं अ‍ॅनिमेशन. साधे आकार आणि मोजकी हालचाल असूनही पात्रं जिवंत वाटतात. ती याच पद्धतीनं एक्स-शीटवर उतरवून काढा.

प्रश्न : मराठी संवादाला ओठ जुळत नाहीत. तोंडाचे 14 आकार केले, तरी पात्र चघळतंय असं वाटतं. – एक वाचक, गिरगाव

उत्तर : आकार जास्त झाले आहेत. आठ पुरतात : बंद, जरासं उघडं, पूर्ण उघडं, ताणलेलं ‘ई’चं, गोल ‘ओ’चं, चंबू ‘ऊ’चा, खालच्या ओठावर दात, आणि जीभ दिसणारं ‘ल’चं. क, ट, च हे आत उच्चारले जातात, त्यांना वेगळं चित्र नको. ओठ बंद झालेले मात्र दिसलेच पाहिजेत. प, फ, ब, भ, म ही शाळेत शिकलेली ओष्ठ्य अक्षरं, त्यांचं बंद तोंड किमान दोन फ्रेम ठेवा. एक फ्रेम डोळ्याला लागत नाही.

‘बापू, पाव संपला!’ हे वाक्य घ्या. बा : बंद, मग पूर्ण उघडं. पू : बंद, मग चंबू. पाव : बंद, उघडं आणि शेवटी ओठ किंचित गोल. आता ‘संपला’. इथला अनुस्वार ‘म्’ म्हणून उच्चारला जातो आणि लगेच ‘प’ येतो. म्हणजे ओठ एकदाच मिटतात, पण लांब मिटतात, चार फ्रेम तरी द्या. हाच अनुस्वार ‘संत’मध्ये ‘न्’ होतो, तिथे ओठ मिटलेच तर चूक. लिहिलेल्या अक्षराकडे बघून आकार लावले की हमखास इथे फसतं. आवाज आधी रेकॉर्ड करा, आरशासमोर वाक्य म्हणा, मगच एक्स-शीट भरा. मिटलेलं तोंड आवाजाच्या एखाद-दोन फ्रेम आधी आलेलं चांगलं दिसतं, उशिरा आलं की लगेच खटकतं.

ओठांसाठी पॉपाय या कार्टून खलाशाच्या सुरुवातीच्या फिल्मांचा अभ्यास करू नका. त्या काळी त्या बनवणाऱ्या फ्लायशर स्टुडिओत चित्रं आधी होत आणि आवाज नंतर भरला जाई. पॉपायचं ते तोंडातल्या तोंडात पुटपुटणं त्यातूनच आलं.

प्रश्न : पात्र चालताना पाय घसरतात आणि चित्र थरथरतं. काम कागदावर करतो. – एक वाचक, परळ

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. टेकलेला पाय दर चित्राला 10 पिक्सेल मागे जात असेल तर पार्श्वभूमीही दर चित्राला 10 पिक्सेलच सरकली पाहिजे. पार्श्वभूमी दर फ्रेमला सरकते आणि पात्र दर दुसऱ्या फ्रेमला बदलतं, तेव्हा मधल्या प्रत्येक फ्रेमला पाय निसटतो. पॅन असलेल्या, म्हणजे पार्श्वभूमी सरकणाऱ्या, शॉटमध्ये दोन्ही एकाच तालावर ठेवा.

थरथरण्याचं मूळ बहुतेक वेळा कागदात असतं. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत कागद फुगतो, पेगची (कागद जागेवर धरणाऱ्या खुंट्यांची) भोकं सैल होतात आणि चित्र केसभर सरकतं. पडद्यावर तोच केस बोटाएवढा दिसतो. कागद सिलिका जेल घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, एका शॉटची चित्रं एकाच दिवशी स्कॅन करा. प्रत्येक कागदाच्या वरच्या दोन कोपऱ्यांत बारीक फुल्या काढा आणि संगणकावर फुलीवर फुली बसवा. ए-फोर आडवा, 200 डीपीआय पुरे. साधारण 2339 पिक्सेल रुंदी मिळते, 1920 च्या फ्रेमला भरपूर. पुढचं काम क्रिता किंवा ओपनटूंझ या सॉफ्टवेअरमध्ये करा, दोन्ही फुकट आहेत.

प्रश्न : मिकी आता ‘मोकळा’ झाला म्हणतात. फिल्ममध्ये घेऊ का? आणि माझं पात्र कुणी चोरलं तर? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : घेऊ नका. 1 जानेवारी 2024 ला अमेरिकेत कॉपीराइटमधून मोकळी झाली ती 1928 ची ‘स्टीमबोट विली’ ही फिल्म आणि तिच्यातला मिकी. ट्रेडमार्क अजून जिवंत आहे. भारताचा कायदाही वेगळा, इथे चित्रकृतीचा हक्क कलावंताच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो.

तुमच्या पात्रावरचा हक्क चित्र काढल्या क्षणापासून तुमचाच, नोंदणी सक्तीची नाही. पण वाद झाला तर पुरावा लागतो, म्हणून पात्राची मॉडेल शीट, म्हणजे ते सगळ्या बाजूंनी दाखवणारा तक्ता, कॉपीराइट कार्यालयात नोंदवा. कलाकृतीला शुल्क 500 रुपये. तेच चित्र टी-शर्ट, खेळणी अशा मालावर जाणार असेल तर 2000 रुपये आणि सोबत ट्रेडमार्क रजिस्ट्रीचा दाखला. पात्राच्या नावाचा ट्रेडमार्क वेगळा घ्यावा लागतो. व्यक्तीला ऑनलाइन अर्जासाठी माल किंवा सेवेच्या दर वर्गाला 4500 रुपये पडतात. ट्रेडमार्कचं मुंबईचं कार्यालय अँटॉप हिलला आहे. आधी मनोरंजनाचा 41 वा वर्ग घ्या, टी-शर्टचा 25 वा टी-शर्ट खरंच निघतील तेव्हा. मॉडेल शीटवर समोरून, बाजूनं आणि मागून अशा सगळ्या बाजू असू द्या. भांडुपच्या वाचकासारखा कावळा असेल तर पंख पसरूनही, राखाडी मानेसकट.