वाचकांचे प्रश्न : रेंज नसलेल्या वाटेवरचा मोबाइल

प्रवासातील मोबाइल आणि त्याच्या जोडसामानाविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन या सदरातून केले होते. इंदूर आणि परिसरातून आलेल्या पत्रांत एक समजूत वारंवार दिसली : रेंज गेली की मोबाइल निकामी होतो. प्रत्यक्षात मोबाइलमधील काही कामे टॉवरच्या भरवशावर चालतात, काही आकाशातील उपग्रहांच्या, आणि सगळीच बॅटरीच्या. घर सोडण्यापूर्वी ही वाटणी समजून घेतली, तर पुढची बरीचशी अडचण टळते. पहिले पत्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, म्हणून त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : माझे वडील ६६ वर्षांचे असून कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून पायी नर्मदा परिक्रमेस निघणार आहेत. शूलपाणीच्या झाडीत कित्येक दिवस रेंज मिळत नाही, असे परिक्रमा करून आलेले सांगतात. आईच्या जिवाला घोर लागला आहे. त्यांना कोणता फोन द्यावा? सौर पॉवर बँक उपयोगी पडेल काय? परदेशातील एक नातेवाईक सॅटेलाइट फोन आणून देतो म्हणतात, तो घ्यावा काय?
— एक वाचक, राजेंद्रनगर

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तिथे चूक झाली तर ती फार महागात पडेल. भारतात परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन आणणे किंवा बाळगणे बेकायदेशीर आहे, आणि असे उपकरण सामानात सापडल्यामुळे विमानतळावर प्रवाशांना अटक झाल्याच्या घटना घडलेल्या आहेत. गिर्यारोहक परदेशात वापरतात त्या, उपग्रहामार्फत निरोप पाठवणाऱ्या छोट्या उपकरणांबाबतही हाच धोका आहे. नातेवाइकांना नम्रपणे नकार कळवावा.

वडिलांकडे दोन फोन असावेत असे मी सुचवेन : एक स्मार्टफोन आणि एक साधा बटणांचा फोन. बटणांच्या फोनची बॅटरी बहुधा १००० एमएएचच्या (बॅटरीत किती वीज मावते, त्याचे माप) आसपास असते, तरीही ती तीन-चार दिवस सहज पुरते, कारण तिला मोठा पडदा उजळवत ठेवावा लागत नाही. दोन्ही फोनमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची सिम घालावीत. एका कंपनीचा टॉवर नसलेल्या गावात दुसरीचा असतो, हे खेड्यापाड्यांतून हिंडलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मात्र जिओचे २जी जाळे नाही, त्यामुळे जुन्या २जी बटणांच्या फोनमध्ये ते सिम चालणार नाही. त्यासाठी ४जीचा बटणांचा फोन घ्यावा लागेल. खरेदीपूर्वी दुकानातच सिम घालून घरी एक फोन लावून पाहावा.

झाडीत शिरल्यावर बॅटरी झपाट्याने उतरते, असा अनुभव परिक्रमावासी सांगतात आणि त्याचे कारण सरळ आहे. टॉवर दूर असला की फोन आपला आवाज चढवतो, म्हणजे अधिक शक्तीने लहरी पाठवतो, आणि टॉवर मुळीच सापडला नाही तर पुन्हा पुन्हा शोधत राहतो. म्हणून रेंज गेली की स्मार्टफोन फ्लाइट मोडवर टाकावा. ओंकारेश्वर ते महेश्वर हा टप्पा मी चार दिवसांत चाललो, तेव्हा एवढ्या एका सवयीमुळे दीड दिवसात संपणारी बॅटरी चौथ्या दिवसापर्यंत टिकली.

फ्लाइट मोडवरही आपण कुठे आहोत हे फोन सांगू शकतो, हे पुष्कळांना माहीत नसते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून संदेश प्रसारित करत असतात आणि फोन ते केवळ ऐकतो. उपग्रहाकडे तो काहीही पाठवत नाही, त्यामुळे त्यासाठी रेंजही लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही. फरक पडतो तो वेळेचा. कोणता उपग्रह कुठे आहे, ही माहिती एरवी फोन इंटरनेटवरून काही सेकंदांत मिळवतो. रेंज नसेल तर तीच माहिती उपग्रहाकडून सावकाश घ्यावी लागते, आणि त्याला मोकळ्या आकाशाखाली निदान अर्धा मिनिट, कधी काही मिनिटे लागतात. सागवानाच्या दाट सावलीत उभे राहून जीपीएस चालत नाही अशी तक्रार करण्यापेक्षा पंचवीस पावले पुढे मोकळ्यावर जावे.

नकाशा घरूनच फोनमध्ये उतरवून ठेवावा, पण त्याने दाखवलेल्या वाटेवर विसंबू नये. परिक्रमेत मैया उजव्या हाताला ठेवायची असते आणि तिला ओलांडायचे नसते. नकाशाला हा नियम ठाऊक नाही, तो जवळचा पूल दिसताच पैलतीरावर नेईल. शिवाय गूगल मॅप्समध्ये उतरवून घेतलेल्या नकाशावर इंटरनेटविना पायी चालण्याचा मार्ग मिळतच नाही, मिळतो तो गाडीचा. म्हणून नकाशावरचा निळा ठिपका तेवढा पाहावा, पुढचे गाव कोणत्या दिशेला आहे ते समजून घ्यावे आणि वाट मात्र गावकऱ्यांना विचारावी.

आता आईंच्या काळजीविषयी. जिथे रेंजची एखादीच कांडी येते-जाते, तिथे फोन लागत नाही पण एसएमएस बहुधा जातो, कारण त्याला बोलण्यासारखा अखंड दुवा लागत नाही आणि एकदा तो कंपनीच्या यंत्रणेपर्यंत पोहोचला की घरचा फोन बंद असला तरी तिथे थांबून राहतो. वडिलांना एसएमएसमध्ये अक्षांश-रेखांश लिहायला शिकवावे. ओंकारेश्वरजवळ हे आकडे साधारण २२.२ आणि ७६.१ असे असतात. दशांशानंतर चार अंक लिहिले तर अक्षांशात सुमारे ११ मीटरपर्यंतचे ठिकाण कळते. रोज संध्याकाळी सातला मुक्कामी फोन सुरू करायचा आणि पंधरा मिनिटांनी बंद करायचा, असे ठरवावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे झाडीच्या टप्प्यात किती दिवस निरोप आला नाही तरी घाबरायचे नाही, हेही निघण्यापूर्वी आईंसमक्ष ठरवून घ्यावे. हा आकडा त्या वाटेने नुकत्याच आलेल्या परिक्रमावासीला विचारून ठरवावा. अडीअडचणीत ११२ लावावा. आपल्या कंपनीची रेंज नसली, पण दुसऱ्या एखाद्या कंपनीची असली, तरी हा क्रमांक तिच्या टॉवरवरून लागू शकतो.

सौर पॉवर बँक घेऊ नये. तिच्या पाठीवरची पट्टी तळहाताएवढी, समजा १४ बाय ७ सेंटिमीटर असते. भर दुपारच्या उन्हातही तेवढ्या जागेवर जेमतेम १० वॅट ऊर्जा पडते आणि तिच्यातून वीज निघते ती सुमारे २ वॅट. १०,००० एमएएचची पॉवर बँक भरायला या हिशेबाने अठरा-वीस तासांचे कडक ऊन लागेल, म्हणजे चार-पाच दिवस. आणि उन्हात तापल्यामुळे आतील लिथियमची बॅटरी खराब होईल ते वेगळेच. साधी १०,००० एमएएचची पॉवर बँक, एक बऱ्यापैकी चार्जर आणि दोन केबल द्याव्यात. मुक्कामाच्या आश्रमात वीज असेल तेव्हा आधी पॉवर बँक लावायची आणि तिच्यावरून फोन, हा क्रम ठेवावा, म्हणजे फोन दुसऱ्याच्या खोलीत सोडून झोपावे लागत नाही.

प्रश्न : माझ्या २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेवर ५००० एमएएचचा फोन चार वेळा भरायला हवा, पण तो तीन वेळाही भरत नाही. शिवाय इंदूर विमानतळावर ती चेक-इन बॅगेतून काढायला लावली. दोष कशात आहे?
— एक वाचिका, रामबाग

उत्तर : दोष बहुधा कशातच नाही. पॉवर बँकेवरचा आकडा आतील बॅटरीचा, म्हणजे ३.७ व्होल्टवरचा असतो. बाहेर वीज येते ती ५ व्होल्टला किंवा त्याहून जास्त, आणि हा दाब चढवताना व फोनमध्ये पुन्हा उतरवताना काही ऊर्जा उष्णता होऊन जाते. ३.७ गुणिले २० म्हणजे ७४ वॅट-अवर (साठवलेल्या ऊर्जेचे माप) आपल्या हाती आहेत. ५००० एमएएचच्या फोनला सुमारे १९ लागतात. पाव हिस्सा वाया गेला असे धरले, तर फोन तीन वेळा पूर्ण भरायला थोडे कमीच पडते. आपला अनुभव या हिशेबाला धरूनच आहे.

विमानाचा नियमही याच वॅट-अवरमध्ये मोजतात. १०० वॅट-अवरपर्यंतची पॉवर बँक विनापरवानगी नेता येते, पण केवळ हातातील बॅगेत; लिथियमची बॅटरी पेटली तर ती माणसांच्या नजरेसमोर असावी, सामानाच्या कप्प्यात नव्हे, हे त्यामागचे कारण आहे. १०० वॅट-अवर म्हणजे साधारण २७,००० एमएएच. यावरून एक अनुभव सांगतो. इंदूरच्याच बाजारात मी एकदा ३०,००० एमएएच छापलेली स्वस्त पॉवर बँक घेतली आणि घरी स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवली, तर वजन भरले २१० ग्रॅम. एवढी ऊर्जा साठवायला आजच्या चांगल्या बॅटरीलाही ४०० ग्रॅमच्या वर वजन लागते. छापील आकडा खोटा होता, आणि खरा असता तर ती विमानात विनापरवानगी नेता आली नसती. म्हणून पॉवर बँक घेताना ती हातात घेऊन तोलावी आणि तिच्यावर वॅट-अवर छापले आहेत काय, ते पाहावे.

प्रश्न : कामासाठी मी इंदूर-नागपूर वंदे भारतने नेहमी जातो. गाडीत बसून कार्यालयाची व्हिडिओ बैठक करता येईल, अशी काही व्यवस्था सुचवावी.
— एक वाचक, सुदामानगर

उत्तर : बैठक गाडीत ठेवू नये, हीच माझी मनापासूनची सूचना आहे. डब्याची भिंत धातूची असते. गाडी वेगात असताना शेकडो प्रवाशांचे फोन एकाच क्षणी एका टॉवरवरून पुढच्या टॉवरवर उडी घेतात, आणि रुळालगतचा टॉवर आसपासच्या गावासाठी पुरेसा असला तरी या गर्दीला कमी पडतो. इटारसीनंतर बैतूलच्या बाजूला सातपुड्याचा घाट आणि बोगदे लागतात, तिथे कोणतेही उपकरण काही करू शकत नाही. दोन कंपन्यांची सिम असलेला फोन आणि खिडकीजवळची जागा यांनी थोडा फरक पडतो. बोलणे भागच असेल तर व्हिडिओ बंद ठेवून केवळ आवाजावर, भोपाळच्या अलीकडे उरकावे. वाचायची कागदपत्रे आदल्या रात्री उतरवून घ्यावीत. घाटातला वेळ त्यांच्यासाठी उत्तम असतो.

प्रश्न : आम्ही दोघे सहा महिन्यांसाठी मुलाकडे अमेरिकेत जात आहोत. चार्जर, मिक्सर, सिम आणि बँकेचा ओटीपी या सगळ्यांचे काय करावे?
— एक ज्येष्ठ वाचिका, टिळकनगर

उत्तर : मिक्सर नेऊ नये. आपल्याकडे वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. तिथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची. आपला मिक्सर तिथे रखडत फिरेल, आणि पाणी तापवायची किटली नेली तर ती चौथा हिस्सा ताकदीने तापेल. मोबाइलच्या चार्जरवर मात्र बारीक अक्षरांत १००–२४० व्होल्ट असे छापलेले असते. भिंग घेऊन ते वाचावे. तसे असेल तर दोन चपट्या पात्यांचा साधा जोडप्लग पुरतो.

ओटीपीचा विषय निघण्यापूर्वी दोन आठवडे हाती घ्यावा. बँकेत नोंदवलेले भारतीय सिम तिथेही चालू राहिले पाहिजे. त्यासाठी त्याचे परदेशी रोमिंग इथूनच सुरू करून घ्यावे, सहा महिने पुरेल असा रिचार्ज करावा आणि त्या सिमवरचा डेटा बंद ठेवावा, नाहीतर बिल फुगेल. आपला फोन पाच-सहा वर्षांहून जुना असेल तर तो मुलाला आधी दाखवावा. अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये आपली ३जी जाळी बंद केली, त्यामुळे तेथील ४जीवरून बोलणे ज्या फोनला जमत नाही, त्यावरून इंटरनेट चालले तरी फोन लागत नाही.

आणखी एक गोष्ट, जी पुष्कळ कुटुंबांना तिथे पोहोचल्यावर कळते. मुलगा हौसेने तिथला नवा आयफोन हातात देतो, आणि त्यात सिम घालायला जागाच नसते. आयफोन १४ पासून अमेरिकेत विकले जाणारे आयफोन केवळ ई-सिमवर, म्हणजे वेगळे कार्ड न घालता फोनमध्येच नोंदवल्या जाणाऱ्या सिमवर चालतात. भारतीय सिमचे ई-सिम करायचे तर त्याच क्रमांकावर संदेश येतात-जातात, आणि एखादा टप्पा चुकला तर दुकानात जाऊन दुरुस्त करण्याची सोय तिथे नसते. म्हणून नवा फोन खुशाल घ्यावा, पण जुना फोन भारतीय सिमसह तसाच चालू ठेवावा आणि दिवसातून एकदा चार्ज करावा.

प्रश्न : श्रीनगरला जाताना माझे प्रीपेड सिम चालेल काय?
— एक वाचक, महू

उत्तर : नाही. बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिमला जम्मू-काश्मीरमध्ये रोमिंग मिळत नाही, पोस्टपेडला मिळते. कुटुंबातील एक तरी क्रमांक आधी पोस्टपेड करून घ्यावा, आणि हॉटेलचा पत्ता व गाडीवाल्याचा क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवावा.