आफ्रिकेतील पारंपरिक समाजांत अत्याचार सोसलेल्या स्त्रिया पुन्हा उभ्या कशा राहतात?

जिथे समुपदेशक नाही आणि बायकोला मारणे हा नवऱ्याचा हक्कच समजला जातो, तिथली स्त्री सावरते कशी, असे आपण विचारले आहे. एवढ्या मोठ्या खंडाविषयी सरसकट विधान करणे योग्य नव्हे. म्हणून मी केनियातील संबुरू या पशुपालक समाजापुरतेच लिहितो.

उत्तर केनियात आर्चर्स पोस्टजवळ १९९० साली रिबेका लोलोसोली यांच्या पुढाकाराने १५ स्त्रियांनी ‘उमोजा’ ही फक्त स्त्रियांची वस्ती वसवली. त्यांच्यापैकी काहींनी ब्रिटिश सैनिकांवर बलात्काराचा आरोप केला होता. पण घराण्याला बट्टा लागला म्हणून नवऱ्यांनी घराबाहेर काढले ते मात्र त्यांनाच. खुद्द रिबेका यांनी स्त्रियांच्या हक्कांविषयी बोलायला सुरुवात केली, तेव्हा गावातल्या पुरुषांनी त्यांना मारहाण केली होती.

या समाजात गुरे हीच संपत्ती आणि तिची मालकी पुरुषांकडे, त्यामुळे घर सुटले की पोटाचा प्रश्न त्याच दिवशी उभा राहतो. माझ्या मते उमोजाचे खरे शहाणपण इथे दिसते: मनाच्या जखमांकडे वळण्याआधी या स्त्रियांनी कमाईची सोय केली. संबुरू स्त्रिया गळ्यात घालतात त्या रंगीत मण्यांच्या रुंद माळा ओवून त्यांनी जवळच्या अभयारण्यात येणाऱ्या पर्यटकांना विकल्या, नदीकाठी तंबूंचा मुक्काम चालवला आणि मुलांसाठी शाळा काढली. काट्यांच्या कुंपणाआड, शेणामातीने लिंपलेल्या झोपड्यांसमोर मणी ओवत बसलेल्या बायकांत नव्याने आलेली बाई बसते, तेव्हा तिला आपली कहाणी सांगण्याची सक्ती नसते. आणि सांगितलीच, तर ऐकणारीनेही तसेच काही भोगलेले असते. बालविवाह किंवा जननेंद्रियाचे छेदन टाळण्यासाठी पळून आलेल्या मुलींनाही तिथे आसरा मिळतो. (केनियाने या छेदनावर २०११ मध्ये देशभर कायद्याने बंदी घातली, पण बंदी झाली म्हणून रूढी थांबली नाही.)

पुरुष तिथे येऊ शकतात, वस्तीला मात्र राहू शकत नाहीत. तिथे वाढलेल्या मुलांनाही वयात आल्यावर बाहेर पडावे लागते. हा नियम मला काहीसा कठोर वाटतो, तरी तो ठरवण्याचा अधिकार त्या स्त्रियांचाच आहे. पर्यटकांवरचे अवलंबित्व ही मला अधिक काळजीची बाब वाटते, कारण पर्यटक आटले की मण्यांची मिळकतही आटते.