पॅनेलमध्ये सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) पक्की कशी बसवायची

रिंग टाइप सीटी बसबारवर (करंट वाहून नेणाऱ्या जाड धातूच्या दांड्यावर) ओवून केबल टायने बांधू नकोस. पॅनेल तापतं, थरथरतं. टाय कडक होऊन तुटतो आणि सीटी बसबारवर लोंबकळत राहते. सीटीला पाय असतील तर ते स्प्रिंग वॉशर घालून प्लेटवर कस. नसतील तर बेकलाइटच्या पट्टीचा आधार दे.

लोखंडी पट्टी मात्र सीटीच्या भोकातून घालून दोन्ही टोकं फ्रेमला कधीच कसू नकोस. तो बंद वेढा होतो, त्यात करंट फिरतो, पट्टी तापते आणि मीटर कमी दाखवतो. 400/5 च्या (400 अँपियरला 5 अँपियर देणाऱ्या) सीटीवर मी असाच दोन दिवस मीटर बदलत बसलो होतो, दोष निघाला पट्टीचा! पट्टी बाहेरून आली तर काही बिघडत नाही.

बसबार भोकाच्या मध्यावर ठेव, तिन्ही फेजच्या सीटींची पी1 खुणेची बाजू सप्लायकडे. सेकंडरीच्या (सीटीतून मीटरकडे जाणाऱ्या) वायरींना थोडी ढील हवी, नाहीतर हादऱ्याने टर्मिनल सैल होतं. लाइन चालू असताना सेकंडरी उघडी पडली तर तिथे जीवघेणं व्होल्टेज येतं. म्हणून शॉर्टिंग लिंकवाला (सेकंडरीची दोन्ही टोकं एकत्र जोडता येणारा) टर्मिनल ब्लॉकच लाव, आणि मीटर काढण्याआधी लिंक घाल.