झाकणवाली फुलदाणी?

प्रश्न असा आलाय की म्युझियममधल्या 'व्हाज'ला मराठीत फुलदाणी म्हणायचं का, आणि उदाहरण दिलंय ब्रिटिश म्युझियममधल्या, वेजवुड या इंग्रज कुंभाराच्या पेगॅसस व्हाजचं. माझं उत्तर, नको.

आधी वस्तू बघा ना. फिकट निळ्या जास्परवर, म्हणजे वेजवुडच्या बिनचकाकीच्या बारीक मातीवर, पांढरी उठावाची चित्रं, दोन कान, उंची साधारण दीड फूट, वर झाकण आणि झाकणावर पंखवाला घोडा. आता यात फुलं खोचायची कुठे? जोसाया वेजवुडने १७८६ मध्ये हा स्वतःच म्युझियमला दिला, पोटावर शिल्पकार फ्लॅक्समनने घडवलेला ग्रीक कवी होमर आहे, तो बघायचा, बास.

दाणी हा फारसी 'दान'वरून आलाय, ठेवायची जागा किंवा भांडं अशा अर्थाचा, आपल्या दानधर्मातल्या दानाशी त्याचा संबंध नाही. अत्तरदाणी, पिकदाणी, गुलाबदाणी, सगळीकडे आत काय असतं ते आधी सांगून मग दाणी लावलंय, त्यामुळे फुलदाणी म्हटलं की फुलं आलीच. व्हाज मात्र लॅटिन 'वास'वरून, म्हणजे नुसतं भांडं, त्यात फूल कुठेच नाही. (घरात तर आपण फ्लॉवरपॉटच म्हणतो, इंग्रजीत ती कुंडी होते!)

मला कलश आवडतो. खाली बैठक, फुगीर पोट, आवळलेला गळा, आकार डोळ्यासमोर येतो लगेच. पूजेचा वाटेल किंवा अस्थिकलश आठवेल अशी शंका रास्त आहे, पण रोमन लोकही झाकणाच्या कलशात रक्षा ठेवायचेच आणि नवअभिजात, म्हणजे जुन्या ग्रीक-रोमन शैलीवर बेतून काम करणाऱ्या कारागिरांनी ते आकारही उचलले. शिवाय शब्द सरकतात हो, करंडा म्हणजे कुंकवाची झाकणाची डबी, आणि आज करंडक म्हटलं की कुणालाही रणजीच आठवतो. म्हणून लेबलवर 'शोभेचा कलश' लिहा, पुढे मजकुरात नुसतं कलश चालेल.

फक्त एक सांभाळा, तो होमरचा देखावा ज्यावरून घेतला ते विल्यम हॅमिल्टन या ब्रिटिश राजदूताच्या संग्रहातलं ग्रीक क्रेटर आहे, इंग्रजीत त्यालाही सर्रास व्हाज म्हणतात, पण क्रेटर वाइनमध्ये पाणी मिसळायला असायचं, तिथे शोभेचा कलश लिहू नका, सरळ 'मद्य मिसळायचं भांडं' लिहा.