ट्राउटसाठी कुठली फ्लाय लावायची?

प्रश्न: मी कोथरूडला राहतो, पवना-मुळशीकडे गळ टाकायची जुनी सवय आहे. एप्रिलच्या शेवटी घरच्यांबरोबर हिमाचलला तीर्थन खोऱ्यात जातोय, तिथे ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी पहिल्यांदाच फ्लाय फिशिंग करणार, म्हणजे हुकवर पिसं-केस बांधून केलेला नकली किडा (फ्लाय) लावून. फ्लायचा एक बॉक्स ऑनलाइन मागवलाय आणि नेटवर इंग्लंड-अमेरिकेचे हॅच चार्टही मिळालेत, कुठल्या महिन्यात कुठला किडा बाहेर पडतो त्याचे. ते आपल्याकडे चालतील का?

उत्तर: तारखांसाठी नाही चालणार. हॅच म्हणजे पाण्यातले किडे पंख फुटून एकाच वेळी मोठ्या संख्येने बाहेर पडणं, आणि ते ठरतं पाण्याच्या तापमानावर आणि प्रवाहावर. आपल्या हिमालयातल्या नद्यांना मे-जूनमध्ये बर्फाचं गढूळ पाणी आणि लगेच पाठोपाठ पावसाळा, हे गणित तिकडच्या चार्टमध्ये नसतंच. म्हणून मार्च-एप्रिल आणि मग पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबर हे दिवस चांगले. तुम्ही एप्रिलच्या शेवटी जाताय तर पाणी गढूळ व्हायला सुरुवात झालेली असू शकते, जमलं तर दोन आठवडे आधीच जा.

पण चार्टमधले किडे ओळखायला शिका, कारण मुख्य तीन मंडळी सगळीकडे तीच. मेफ्लाय बसली की पंख शिडासारखे उभे धरते, कॅडिस पंख छपरासारखे उतरते ठेवते आणि स्टोनफ्लाय पाठीवर सपाट मिटून घेते, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं. नदीवर पोचलात की बॉक्स उघडायच्या आधी पायाखालचा एक दगड उचलून उलटा करा. शेपटीचे तीन बारीक धागे आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना हलणारे कल्ले दिसले तर ते बहुतेक मेफ्लायचं पिल्लू, म्हणजे निम्फ. दोनच शेपट्या आणि अंगाने दणकट असेल तर बहुधा स्टोनफ्लाय, आणि वाळूचे कण किंवा काटक्या चिकटवून केलेली नळी दगडाला लागलेली दिसली तर आत कॅडिसची अळी आहे. बघून झालं की दगड होता तसाच परत ठेवा. ही प्रॅक्टिस पुण्यातही होते, ताम्हिणीच्या ओढ्यांना पाणी आहे तोवर एखाद्या रविवारी जाऊन या, हीच कुटुंबं तिथेही दगडाखाली सापडतात.

आता फ्लाय. ट्राउटचं बरंचसं खाणं पाण्याखालीच होतं, त्यामुळे वर काही उडत नसेल तर सरळ निम्फची नक्कल करणारी, बुडणारी फ्लाय लावा, फेझंट टेल किंवा हेअर्स इअर नावाची, १४ आणि १६ नंबर (हुकचा नंबर वाढतो तसा हूक लहान होतो, नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो). दुपारी ऊन चढल्यावर मासे वर येऊन टिपायला लागले तर ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी, उभ्या पंखांचे किडे असतील तर अ‍ॅडम्स, छपरासारखे असतील तर एल्क हेअर कॅडिस. अ‍ॅडम्स १९२२ मध्ये मिशिगनमध्ये बांधली गेली, ती कुठल्याच एका किड्याची नक्कल नाही आणि म्हणूनच ती हिमालयातही चालते. आधी साइज जुळवा, मग आकार, रंग सगळ्यात शेवटी. मासा नाकारतोय असं वाटलं तर फ्लाय बदलण्याआधी तीच एका साइजने लहान लावून बघा, आणि फ्लाय प्रवाहाच्याच वेगाने वाहतेय ना तेही बघा, दोरीने ओढली जात असेल तर कुठलीच फ्लाय चालणार नाही.

मत्स्य विभागाचा परवाना काढल्याशिवाय पाण्यात उतरू नका. टोकाजवळचा उलटा काटा (बार्ब) नसलेला हूक वापरा आणि मासा सोडताना हात ओले करून धरा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.

प्रश्न: पुण्याजवळच्या धरणात ट्राउट सोडता येणार नाही का?

उत्तर: नाही, आणि सोडूही नये. पाणी २० अंशांच्या वर गेलं की ब्राउन ट्राउटला त्रास व्हायला लागतो, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो टिकणारच नाही. शिवाय तो मूळचा युरोपातला शिकारी मासा, १९०० च्या सुमारास इंग्रजांनी काश्मीरमध्ये आणला. आपला महसीर मासा आहे की, लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात त्याची पिल्लं कित्येक वर्षं वाढवली जाताहेत, आणि तोही फ्लाय घेतो.